बाहेरून वाजवायची कडी

व्हीआरचा, म्हणजे आभासी जगात नेणारा, हेडसेट डोळ्यांवर असताना खोलीच्या कडेपाशी गेलं की समोर एक जाळी उमटते. सुरुवातीला पुसट, आणि आपण पुढे सरकू तसतशी ठळक. आजूबाजूला समुद्र असो, जंगल असो, नाहीतर चंद्राची जमीन असो, त्या सगळ्याच्या मधे ही जाळी उभी राहते आणि सांगते की थांबा, इथे तुमच्या घराची भिंत आहे. मी याच क्षेत्रात काम करते. कारखान्यातल्या कामगारांना खऱ्या यंत्राजवळ जाण्याआधी सराव करता यावा म्हणून आभासी खोल्या आणि आभासी यंत्रं रचणं हा माझा रोजचा उद्योग. पण गेली काही वर्षं त्या खोल्यांपेक्षा त्यांच्या कडांवर माझं मन जास्त रेंगाळतं. आतल्या माणसाला बाहेरची वार्ता कशी द्यायची, किती द्यायची आणि ती द्यायचा हक्क कोणाचा, याचा विचार करताना मला तंत्रज्ञानाइतकंच घरातल्या माणसांबद्दल बोलावंसं वाटतं.

या माध्यमाची सुरुवात झाली तेव्हा हा पेच नव्हता. 1968 साली आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर बांधायचा संगणकी पडदा दाखवला, तो अर्धपारदर्शक होता. छताला टांगलेल्या त्या अवजड यंत्रातून पाहणाऱ्याला समोरची खोली दिसतच राहायची आणि तिच्यात रेषांनी काढलेला एक ठोकळा तरंगायचा. खोली पूर्ण झाकायचं काम पुढच्यांनी केलं. झाकलेल्या खोलीत सामान्य माणूस घरच्या घरी उठून चालायला लागला तो 2016 मध्ये. त्या वर्षी एप्रिलमध्ये एचटीसी कंपनीचा व्हाइव्ह हा हेडसेट बाजारात आला, 'शॅपरोन' नावाची हद्द सोबत घेऊन. डिसेंबरमध्ये ऑक्युलस या दुसऱ्या कंपनीने हातात धरायचे टच कंट्रोलर आणले आणि त्यांच्याबरोबर 'गार्डियन'. दोन्हींची रीत एकच: खेळायला लागण्याआधी मोकळ्या जागेची कड आपणच आखून द्यायची, आणि आपण किंवा आपला हात त्या कडेजवळ गेला की जाळी दिसायची. 2019च्या मे महिन्यात ऑक्युलसचाच, वायरशिवाय चालणारा क्वेस्ट हेडसेट आला. त्यात तर डोकं हद्दीबाहेर गेलं की हेडसेटचे कॅमेरे खरी खोलीच दाखवू लागले. करड्या रंगात, थोडी वेडीवाकडी, पण आपलीच खोली.

या जाळीचं मला फार कौतुक आहे. ती वाचावी लागत नाही. तिला भाषा नाही, त्यामुळे सातवी शिकलेल्या हेल्परपासून प्लांट मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ती पहिल्या मिनिटात कळते. धोका जिथे आहे तिथेच ती दिसते, वेगळीकडे कुठेतरी पाटी लावून सांगत नाही. आणि धोका नसेल तर ती नसतेच. सूचना कशी असावी हे शिकवताना मी नव्या मुलांना आधी ही जाळी नीट बघायला लावते.

पण ती ज्या घरांसाठी सुचली ती घरं निराळी होती. उभं राहून हिंडण्यासाठी साधारण दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा ठेवा, असं हेडसेटवाले सांगतात. आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दिवाण, टीपॉय, शोकेस आणि खिडकीशी इस्त्रीचं टेबल मांडल्यावर एवढी जागा काढायची म्हणजे रोज संध्याकाळी सामानाची हलवाहलव. तीही होते एक वेळ. डोक्यावरचं काय? हद्द जमिनीवर आखली जाते आणि तिथून ती सरळ वर उभी राहते असं धरलेलं असतं. वर छत किती उंच आहे, त्याला काय टांगलंय, हे ती आखताना कोणी विचारत नाही. आपल्याकडे प्रत्येक खोलीच्या मधोमध पंखा असतो. खेळायला सगळ्यात मोकळी जागा नेमकी त्याच्याच खाली सापडते. जुन्या इमारतींमध्ये छत खाली असतं, कुठे माळा काढलेला असतो, कुठे कपडे वाळत घालायच्या काठ्या कप्पीवर टांगलेल्या असतात. बऱ्यापैकी उंच माणसाने कंट्रोलर धरलेला हात वर ताणला आणि त्याच भरात उडी मारली, तर फिरत्या पात्यापर्यंत अंतर फारसं उरत नाही. आमच्याकडे प्रशिक्षणाच्या खोलीत पंखा बंद करून त्याचं बटण टेपने चिकटवून टाकणं हा पहिला नियम आहे. हेडसेटमधल्या सूचनेने करायचं काम आम्ही चिकटपट्टीने करतो, आणि हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. सेटअपच्या वेळी 'वर पंखा आहे का' एवढा एक प्रश्न विचारला आणि हात त्या उंचीला पोचताच वरून जाळी उतरली, तर या देशातले किती हात वाचतील!

भिंत आणि पंखा निदान आपल्या जागी राहतात. माणसं तशी राहत नाहीत.

2021 साली एका अभ्यासगटाने यूट्यूबवरच्या 233 चित्रफिती तपासल्या. सगळ्या व्हीआर वापरताना झालेल्या फजितीच्या. कोणी भिंतीवर आदळतंय, कोणी घाबरून मागे पळतंय, आणि कितीतरी जणांचा हात शेजारी उभ्या असलेल्या बघ्याला लागतोय. त्या निबंधाच्या शीर्षकातच थोबाडीत बसण्याचा उल्लेख आहे. अशा चित्रफिती लोक हसायला म्हणून बघतात. मी त्या कामासाठी बघते तेव्हा माझं लक्ष मार खाणाऱ्या माणसाकडे जातं. तो बहुधा जवळ आलेला असतो, कारण त्याला काहीतरी बघायचं असतं, सांगायचं असतं, किंवा आतल्या माणसाला सावरायचं असतं. आखलेल्या हद्दीच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. हद्द आखली तेव्हा तो तिथे नव्हता.

माझी आई अशी जवळ येत नाही. मी हॉलमध्ये हेडसेट लावून काम करत असले की ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहते. हाक मारावी तर मी दचकेन, हात लावावा तर मी हात फिरवेन, आणि न सांगावं तर गॅसवाला खाली खोळंबलाय. मला हे खूप उशिरा समजलं, तेही माझ्या भावाने बाजूला घेऊन सांगितलं म्हणून. 'ती तुझ्यासाठी उभी असते, आणि तुला ती दिसत नाही,' तो म्हणाला. घरातल्या घरात एका माणसाला दुसऱ्याशी बोलण्यासाठी ताटकळत राहावं लागणं ही गोष्ट मला साधी वाटत नाही. त्यानंतर या विषयावरचं जे हाती लागेल ते मी वाचत गेले.

ग्लासगो विद्यापीठातल्या मार्क मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्येच, म्हणजे हे हेडसेट घराघरांत पोचण्याआधी, 108 वापरकर्त्यांना त्यांच्या अडचणी विचारल्या होत्या. कीबोर्ड दिसत नाही, चहाचा कप सापडत नाही आणि खोलीत कोण आलं ते कळत नाही, या जातीच्या त्या अडचणी. त्यांनी पुढे प्रयोग करून जे दाखवलं ते मला आजही मार्गदर्शक वाटतं. खरं जग सतत सगळं दाखवू नका आणि पूर्ण लपवूही नका. माणूस ज्या वस्तूकडे वळेल तेवढीच वस्तू, तेवढ्याच वेळापुरती, आत येऊ द्या. हात कीबोर्डकडे गेले की कीबोर्ड दिसावा, हात उचलले की तो जावा. अशाने कामही बरं होतं आणि आपण दुसऱ्या जगात आहोत ही भावनाही टिकते.

ही भावना टिकवण्याची एवढी काळजी का, असं बाहेरच्याला वाटू शकतं. मेल स्लेटर आणि अँथनी स्टीड यांनी 2000 साली तिच्या तुटण्याचा अभ्यास मांडला. आपण 'तिथे' आहोत असं वाटत असताना अचानक आपण 'इथे' आहोत असं ध्यानात येतं, ते क्षण त्यांनी मोजायला घेतले. खेळात असा क्षण फार तर रसभंग करतो. प्रशिक्षणात तो महागात पडतो. उंचावर काम करण्याची भीती घालवायला आलेला माणूस पंधरा मिनिटांच्या प्रयत्नानंतर कुठे कडेपाशी उभा राहायला तयार झालेला असतो, आणि नेमक्या त्या वेळी कोणी पाठीवर हात ठेवला तर त्याची ती सगळी तयारी वाया जाते. शिवाय तो दचकतो, आणि दचकलेल्या माणसाचे हातपाय कुठे जातील ते सांगता येत नाही. म्हणून सूचना हळुवार हवी हे मला मान्य आहे. पण या हळुवारपणाचा हिशोब करताना आपण फक्त आतल्याच्या सुखाचा विचार करतो, बाहेर थांबलेल्याच्या वेळेचा करत नाही.

व्हीआरमधल्या सूचनांवर 2018 आणि 2019 मध्ये बरंच चांगलं काम झालं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या विद्यापीठाच्या गटाने आवाज, कंट्रोलरची थरथर आणि डोळ्यांपुढची खूण असे वेगवेगळे मार्ग करून पाहिले. रुफात र्झायेव आणि सहकाऱ्यांनी सूचना ठेवायच्या चार जागा ताडून पाहिल्या: डोळ्यांसमोर कायम, स्वतःच्या हातावर, हवेत तरंगती, किंवा त्या जगातल्याच एखाद्या वस्तूवर. त्यात माणूस काय काम करतोय आणि भोवती कुठलं दृश्य आहे हेही बदलून बघितलं. हे वाचताना मी भराभर टिपणं काढली. पण फोनवर आलेला मेसेज आणि दाराशी उभं असलेलं माणूस यांना एकाच खिडकीत बसवता येणार नाही, हेही मला तेव्हाच जाणवलं. मेसेज थांबू शकतो. माणूस थांबलं तर त्याला थांबल्याचं कळत असतं.

आवाजाकडे वळू. बहुतेक घरगुती हेडसेटचे स्पीकर कानाजवळ उघडे असतात, त्यामुळे घरातले आवाज थोडे ऐकू येतात. कुकरची शिट्टी मला ऐकू येते, दाराची बेलही. इयरफोन घातले की तेही गेलं. मग आवाजाची सूचना यंत्रानेच द्यायची ठरली तर ती कशी द्यावी? याचं उत्तम उत्तर विमानाच्या कॉकपिटमधून आलेलं आहे. 1982 मध्ये रॉय पॅटरसन यांनी ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणासाठी धोक्याच्या आवाजांची नियमावली लिहिली. त्या काळचे भोंगे इतके कर्कश होते की वैमानिकाचं पहिलं लक्ष बिघाडाकडे न जाता भोंगा बंद करण्याकडे जायचं, आणि शेजारच्याशी बोलणंही अशक्य व्हायचं. पॅटरसन यांनी सुचवलं की आवाज एकदम न आदळता चढत यावा, लक्ष वेधलं गेलं की खाली उतरून बोलायला जागा द्यावी, आणि तरीही कोणी दखल घेतली नाही तर पुन्हा चढावा. मी आमच्या प्रशिक्षणात हाच क्रम वापरते. सूचना द्यायची, मग थांबून माणसाला उत्तर देऊ द्यायचं. हे थांबणं फार मोलाचं आहे.

आवाज कुठला असावा हा आणखी नाजूक भाग. अनेक डिझायनरांना वाटतं की सूचना त्या जगाचाच भाग व्हावी. गेममध्ये जंगल असेल तर पक्षी ओरडावा, बंगला असेल तर तिथली बेल वाजावी. कल्पना देखणी आहे, आणि जिवाशी खेळ नसेल तिथे मीही ती वापरते. पण धोक्यासाठी नको. विल्यम डिमेंट आणि एडवर्ड वोलपर्ट यांनी 1958 मध्ये स्वप्नाच्या टप्प्यात झोपलेल्या लोकांच्या अंगावर गार पाणी उडवलं होतं. पुष्कळजण त्याने लगेच जागे झाले नाहीत. मागाहून उठवून विचारल्यावर स्वप्नात पाऊस पडल्याचं, छप्पर गळत असल्याचं त्यांनी सांगितलं. बाहेरची गोष्ट मनाने आतल्या कथेत ओवून घेतली आणि झोप चालू राहिली. हेडसेटमध्ये मी हेच पाहिलंय. सरावातल्या कारखान्यात धोक्याचा भोंगा होता. त्याच वेळी इमारतीतला खरा भोंगा चाचणीसाठी वाजला, आणि आत असलेला तरुण शांतपणे सरावातल्या दरवाज्याकडे चालत गेला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आत जे जे ऐकू येतं ते आतलंच, असं आम्हीच त्याला शिकवलं होतं. खऱ्या धोक्याची सूचना म्हणून परकी हवी, त्या जगात कुठेच न शोभणारी, त्या दृश्याला फाडून येणारी. तिथे दृश्य विझवून खोली दाखवावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

या दोन टोकांच्या मधे एक आवाज मला विशेष वाटतो: आपलं नाव. नेव्हिल मोरे यांनी 1959 मध्ये लोकांना एका कानातला मजकूर मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं आणि दुसऱ्या कानात, जिकडे त्यांचं लक्ष नव्हतं, त्यांचं नाव घालून सूचना दिली. साधारण एक तृतीयांश लोकांनी ती टिपली. बाकी काहीच त्यांच्या कानावर टिकलं नव्हतं. एक तृतीयांश म्हणजे सुरक्षेसाठी पुरेसं नाही, पण कुठल्याही टिंगटिंगपेक्षा नावाला वाट लवकर मिळते. हेडसेटला माइक असतोच. घरातल्या आवाजात आपलं नाव ऐकू आलं तर यंत्राने संगीत खाली घ्यावं आणि ती हाक जिकडून आली तिकडूनच आत सोडावी, इतकं आज करता येईल. अट एकच, की घरातलं बोलणं हेडसेटच्या बाहेर कुठेही जाता कामा नये. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हीच हाक मनगटाच्या थरथरीत आणि दिशेच्या उजेडात उतरवावी लागेल, आणि ती सोय नंतर डकवलेली नसावी.

दाखवण्याच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत खूप बदललं. 2021च्या अखेरीस क्वेस्ट 2 मध्ये हद्दीत शिरणारं माणूस किंवा कुत्रं-मांजर उजळ आकृतीसारखं दाखवायची सोय आली. 2023च्या ऑक्टोबरमध्ये क्वेस्ट 3 ने खोली रंगीत दाखवली. 2024च्या फेब्रुवारीत आलेल्या अ‍ॅपलच्या व्हिजन प्रोमध्ये जवळ आलेलं माणूस आभासी दृश्यातून हळूहळू उमटतं, आणि आपण त्याच्याकडे पाहिलं की हेडसेटच्या बाहेरच्या काचेवर आपले डोळे दिसतात. ही शेवटची गोष्ट पुष्कळांना विचित्र वाटली. मला तिच्यातला हेतू फार आवडतो. आतल्याला बाहेरचं माणूस दिसतं एवढं पुरत नाही. आपण दिसतो आहोत हे बाहेरच्या माणसालाही कळायला हवं, असं कोणीतरी पहिल्यांदा इतक्या गांभीर्याने बनवून पाहिलं.

कारण या नात्यात तोल नाही. बघणाऱ्यांवरच्या एका अभ्यासाने 2021 मध्ये त्याला सत्तेचा असमतोल असंच म्हटलं. बाहेरच्याला आतला दिसतो, आतल्याला बाहेरचा दिसत नाही. अनोळखी जागी, विशेषतः बाईमाणसाला, हे फार असुरक्षित वाटतं. पाठीमागे कोण उभं आहे हे कळायचा तिला हक्क आहे, आणि तो सेटिंगमध्ये खोल दडवलेला असू नये. घरात मात्र मला उलटी बाजूही दिसते. तिथे आतल्याकडे सगळी बटणं असतात. हद्द तो आखतो, आवाज तो ठरवतो, कोणाला आत येऊ द्यायचं ते तो निवडतो. बाहेरच्या माणसाकडे एकही बटण नसतं. खोलीचं दार लावून घेतलेल्या माणसालाही बाहेरून कडी वाजवून बोलावता येतं, आणि उघडायचं की नाही ते तो आतून ठरवू शकतो. हेडसेटला अशी कडी सहसा नसते. माणूस जवळ आलं की ते आपोआप दिसावं ही सोय चांगली, पण तिच्यात बाहेरचा माणूस स्वतः काही करत नाही. तो फक्त सापडतो.

म्हणून मी घरच्या घरी एक साधी रचना केली. आईच्या फोनवर एक पान, त्यावर मोठ्या अक्षरांत बटणं: 'दाराशी कोणी आलंय', 'जेवायला ये' आणि 'लगेच हेडसेट काढ'. पहिलं दाबलं की माझ्या समोरच्या दृश्यात उजवीकडे एक ओळ येते. दुसरं दाबलं तर मला वेळ निवडता येते आणि ती लगेच तिच्या फोनवर दिसते, म्हणजे तिला वाट बघत उभं राहावं लागत नाही. तिसऱ्याने सगळं दृश्य विझतं आणि हॉल दिसतो. त्यावर माझी हरकत चालत नाही. ते मुद्दाम तसं ठेवलंय, कारण घरात धोका आहे की नाही हे त्या क्षणी तिलाच ठाऊक असतं.

आईने ते पान नीट वर-खाली करून पाहिलं आणि विचारलं, "अगं, मला काही काम नसेल तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे नुसतीच येऊन बसले असेन तर. तुला कळायला नको का?"

मी वाचलेल्या सगळ्या अभ्यासांत माणूस काहीतरी सांगायला आलेलं असतं. नुसतं येऊन बसलेलं माणूस कसं दाखवायचं, याचा मी विचारच केला नव्हता. मला एकच जुनं उदाहरण आठवलं. नव्वदच्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात नताली जेरेमिजेंको या कलावतीने छतावरच्या छोट्या मोटरला आठ फुटांची प्लॅस्टिकची दोरी टांगली होती. संगणकांच्या जाळ्यातून माहिती जाईल तशी ती दोरी हलायची. गर्दी असली की वेगाने, शांतता असली की अधूनमधून. ती कोणालाही कामातून उठवत नसे, पण तिथल्या माणसांना तिच्यावरून अंदाज असे. त्याच केंद्रातल्या मार्क वायझर यांनी शांत, म्हणजे लक्ष न ओढता कडेला राहणाऱ्या, तंत्रज्ञानाबद्दल लिहिताना याच दोरीचा दाखला दिला.

चौथं बटण मी त्या धर्तीवर केलं. आईने ते दाबलं की माझ्या आभासी खोलीत, ती दिवाणावर जिथे बसते त्या दिशेला, एक दिवा लागतो आणि ती उठून गेली की विझतो. बसून करायच्या कामात हे छान चालतं. मान थोडी वळवली की कळतं, आणि बोलावंसं वाटलं तर मी बोलते, हेडसेट न काढता, तिच्याकडे तोंड करून. हालचालीच्या सरावात मात्र दिवा अजिबात लक्षात येत नाही, कारण डोळे सतत समोरच्या यंत्रावर असतात. तिथे आवाज द्यावा तर ती मला बोलावतेय असंच वाटतं. सध्या मी कंट्रोलरऐवजी पायाखालच्या चटईतून अगदी हलकी थरथर देऊन बघतेय, तिच्या बाजूच्या पायाला थोडी जास्त.